हिटर घेण्याआधी छप्पर बघा, मग प्लग बघा

धान कापून पुंजणे, म्हणजे धानाच्या गंज्या, लागले का आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगावकडे रात्री बोचायला लागतात. विदर्भ म्हटलं का लोकांना ४५ अंशांचा उन्हाळा आठवतो. पण २९ डिसेंबर २०१८ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि गोंदियात तर बहुतेक हिवाळ्यांत थंडीची लाट येतेच. मी वायरमन आहे, आयटीआयचा वीजतंत्री. या दिवसांत मला घरोघर एकच प्रश्न ऐकू येतो, "भाऊ, कोणता हिटर घेऊ, ज्याचा बिल कमी येईन?"

त्याचं उत्तर लोकांना आवडत नाही, तरी आधी तेच सांगतो. तार किंवा रॉड तापवणारा कोणताही हिटर घ्या, ब्लोअर असो, लाल नळीचा असो की ऑइलचा, एका युनिटमागे उष्णता सारखीच मिळते. १००० वॅटचा हिटर तासभर चालला का एक युनिट, २००० वॅटचा चालला का दोन. खोक्यावर 'कमी विजेत जास्त गरमी' असं लिहिलेलं असलं तरी भुलू नका, वीज सगळीकडे तेवढीच उष्णता देते. फरक एवढाच, का ती उष्णता कुठे जाते: तुमच्या अंगाला लागते, खोलीतल्या हवेत राहते का छपरातून बाहेर निघून जाते. म्हणून कोणी विचारलं का मी आधी मान वर करून छप्पर बघतो.

कवेलूचं, म्हणजे कौलांचं, घर असेल तर ब्लोअर आणि ऑइल हिटर दोन्ही सोडून द्या. हे दोघं हवा तापवतात. तापलेली हवा वर चढते आणि कवेलूंच्या फटींतून रात्रभर बाहेर जात राहते. उन्हाळ्यात त्याच फटींमुळे घर थंड राहतं, म्हणून त्या बुजवा असं मी म्हणणार नाही. अशा घरात लाल उजेडाची नळी असलेला हिटर घ्यावा, हॅलोजन किंवा क्वार्ट्झचा. त्याची उष्णता उन्हासारखी सरळ येऊन अंगाला लागते, मधली हवा तापो न तापो. आबाजी खुर्चीवर बसून बातम्या बघतात, तिथून चार फुटांवर ४०० वॅटची एक नळी पुरते. दोन नळ्या लावल्या का ८०० वॅट. तीन नळ्यांच्या १२०० वॅटची गरज सहसा पडत नाही. मात्र या हिटरपासून हात लांब केला का थंडी परत तिथंच आहे, आणि झोपेत तो चालू ठेवायचा नाही. गोधडी, साडीचा पदर किंवा वाळत घातलेलं धोतर नळीवर पडलं तर पेट घ्यायला वेळ लागत नाही.

टिनाच्या घराची गत आणखी वेगळी. रात्री टिन इतकं थंड होतं का पहाटे आतून दव गळतं. इथे हिटरपेक्षा आधी खाली माळा करा, बांबूच्या तट्ट्याचा किंवा पीओपीचा. तो उन्हाळ्यातही कामी येतो. तो होईपर्यंत कवेलूच्या घराचाच नियम.

स्लॅबचं घर, खिडक्या नीट लागतात, दाराखाली फट नाही, अशा खोलीत ऑइल हिटरला मोल आहे. त्यातलं तेल जळत नाही, बदलावं लागत नाही, कंपनीनं भरून सील केलेलं असतं. तापायला वीस-पंचवीस मिनिटं घेतो, पण बंद केल्यावरही बराच वेळ ऊब देतो. त्याला उघडी लाल तार नसते, आवाज नसतो. दहा बाय बाराच्या खोलीला आपल्या थंडीत १००० वॅट पुरतात. सुरुवातीला खोली लवकर तापावी म्हणून जास्त वॅटचं बटण लावा आणि मग कमी करा. थर्मोस्टॅट असलेलाच घ्या. खोली हवी तेवढी तापली का तो आपोआप वीज तोडतो, आणि खरी बचत तिथेच होते.

एक वस्तू मला हिटरपेक्षाही चांगली वाटते आणि गावात अजून कमी घरांत दिसते, ती म्हणजे विजेची गादी-चादर. गादीवर अंथरायची, वरून साधी चादर. ६० ते १२० वॅट, म्हणजे जुन्या गोल बल्बाएवढी वीज. झोपायच्या अर्धा तास आधी लावा, अंथरूण गरम झालं का बंद करा आणि वरून गोधडी घ्या. छप्पर कवेलूचं असो का टिनाचं, काही बिघडत नाही, कारण खोली तापवायचीच नाही. घरच्या इन्व्हर्टरवरसुद्धा ती थोडा वेळ चालते. हिटर मात्र इन्व्हर्टरला कधीच जोडू नका. ही चादर घडी घालून वापरायची नाही, ओली होऊ द्यायची नाही, आणि लहान बाळाखाली घालायची नाही. ज्यांना साखरेचा आजार आहे आणि पायांना बधिरपणा आहे त्यांनीही नाही, कारण भाजलेलं त्यांना कळत नाही.

आता बाळंतिणीच्या खोलीचं. इथे मी थोडं जास्त बोलतो, कारण मला याची काळजी वाटते. आमच्याकडे बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची रीत आहे. दार लावलेलं, खिडकीला बोरा. मायलेकरांना ऊब मिळावी हाच त्यामागचा हेतू असतो, पण कोळसा बंद खोलीत जळला का कार्बन मोनॉक्साइड वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. धूर नाही म्हणजे धोका नाही असं समजून लोक झोपतात, आणि झोपेतच माणूस जातो. आजीबाईंना हे सांगताना मी त्यांच्या रीतीला नावं ठेवत नाही, एवढंच म्हणतो, "माय, शेक द्या, पण निखारा बाहेर ठेवा." शेकायचं ते दार उघडं ठेवून, जागेपणी, आणि झोपायच्या आधी शेगडी अंगणात.

त्या खोलीसाठी ऑइल हिटर घ्या, दुसरा कोणताच नको. ब्लोअरची गरम हवा बाळाच्या तोंडावर बसते आणि नाक कोरडं पडतं. लाल नळीजवळ कपडे वाळत घालायचा मोह होतो. खोली २५ अंशांच्या आसपास राहिली का पुरे. अंदाज चुकतो म्हणून भिंतीवरचा साधा थर्मामीटर आणा आणि बाजेच्या उंचीवर लावा. हिटर बाजेपासून चार फूट लांब, वर काही वाळत टाकायचं नाही, खिडकी दोन बोटं उघडी. बाळाच्या मानेमागे हात लावून बघा. घाम असेल तर खोली जास्त तापली आहे, एक कपडा कमी करा. आणि वीज गेली तर घाबरू नका. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून दोघांवर पांघरूण घालायचं, डोक्याला टोपी. दवाखान्यातल्या नर्सबाईसुद्धा हेच सांगतात.

छप्पर झालं, आता प्लग. २००० वॅटचा हिटर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या जवळपास करंट ओढतो. घरातला लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो, त्यावर तेराशे-साडेतेराशे वॅटच्या पुढे काही लावायचं नाही. मोठ्या हिटरला १६ अँपिअरचा मोठा सॉकेट हवा, आणि त्यामागे बोर्डापर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. पुष्कळ घरांत सॉकेट मोठा बसवलेला असतो आणि मागे वायर मात्र लाइट-पंख्याचीच ओढलेली असते. बाहेरून ते दिसत नाही. म्हणून वायरमनला बोर्ड उघडायला लावा आणि स्वतः बघा. एक्स्टेंशन बोर्डावर हिटर, टीव्ही आणि मोबाईलचा चार्जर एकत्र लावलेले मी बघतो तेव्हा आधी हिटरचा प्लग काढतो, मग बोलतो.

अर्थिंगशिवाय हिटर लावू नका. तिसरी पिन कापून दोन पिनांत बसवणं म्हणजे हिटरच्या पत्र्यात करंट उतरला तर तो तुमच्या अंगातून जाणार. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला का काम करत नाही. कन्हार, म्हणजे काळ्या भारी, जमिनीत तर भेगा पडतात आणि मातीचा पाइपाशी संबंधच तुटतो. महिन्यातून एकदा बादलीभर पाणी टाका. आणि मीटरनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला का लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या. लोड जास्त झाला का पडणारा एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो, दोन्ही लागतात.

रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी सुरू झालं का काही गावांत व्होल्टेज पडतं. मग लोक तक्रार घेऊन येतात का हिटर खराब निघाला. तो खराब नसतो. व्होल्टेज २३०चं १८० झालं का २००० वॅटचा हिटर साधारण १२२५ वॅटचंच काम करतो, कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) उतरते. वीजही तेवढीच कमी मोजली जाते, पैसे वाया जात नाहीत. दुकानात हिटर बदलायला जाण्याआधी वायरमनकडून मीटर लावून व्होल्टेज बघा.

ज्यांना उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचाच आहे त्यांनी गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी बघावा. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली आत ओढून आणतो, म्हणून एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटांएवढी ऊब देतो. बिल कमी करणारं खरं यंत्र हेच. पण स्लॅबची बंद खोली, वेगळी ४ चौरस मिलिमीटरची लाइन आणि व्होल्टेज पडत असेल तर स्टॅबिलायझर, एवढं सगळं लागतं. फक्त हिवाळ्यासाठी तो घेऊ नका.

आंघोळीच्या पाण्याचा हिशोब सोपा आहे. वीस लिटर पाणी १८ अंशांवरून ४२वर न्यायला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते, मग ते रॉडनं तापवा का गिझरनं. म्हणून पैशासाठी रॉड घेऊ नका. रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून बघणं जिवावर बेततं. रॉड आहेच, तर आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग हात.

आणि बिल. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपर्यंत एक टप्पा, १०१ ते ३०० दुसरा, आणि दर वाढत जातो. तुमच्या घरी महिन्याला ८० युनिट येत असतील आणि १००० वॅटचा हिटर रोज चार तास चालवला, तर वर १२० युनिट चढतात आणि त्यातले शंभर महागड्या टप्प्यात पडतात. तेच ४०० वॅटची नळी रोज दोन तास चालवली तर २४ युनिट. गादी-चादर १०० वॅटची, रोज दोन तास धरली तरी महिन्याला फक्त सहा. म्हाताऱ्या माणसांच्या घरात मी आधी चादर घ्यायला सांगतो ते यासाठी.

दुकानात गेलात तर आयएसआयचा शिक्का बघा, हिटर आडवा करून तो आपोआप बंद होतो का ते लावून बघायला सांगा, आणि वायर तीन पिनांची व जाड आहे याची खात्री करा. घरी आणल्यावर पहिल्या दिवशी अर्धा तास चालवा, बटण बंद करा, प्लग काढा आणि पिनांजवळ बोट लावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर सॉकेट ढिला आहे, तो बदलल्याशिवाय परत लावू नका.

फेब्रुवारी संपला का हिटर पुसून खोक्यात घालून उंच ठेवा. ज्या घरात धानाच्या कोठ्या आहेत तिथे उंदीर असतातच, आणि ते वायरचं रबर कुरतडतात. पुढच्या थंडीत लावायच्या आधी वायर टोकापासून टोकापर्यंत बोटांतून फिरवून बघा. कुठे तांबं दिसलं तर टेप गुंडाळू नका, पूर्ण वायर बदलून घ्या.