राजकीय ब्लॉगरवरील विकिपीडिया लेख: उल्लेखनीयतेचा आणि तटस्थतेचा वाद कसा घालावा

कोल्हापुरात राजकीय वाद विकोपाला गेला की एक पुढारी दुसऱ्याला ‘बिंदू चौकात या’ असे जाहीर आव्हान देतो, आणि विकिपीडियाच्या चर्चा पानावर पहिल्यांदा येणारे आपल्याकडचे अनेक सदस्य हाच पवित्रा घेऊन येतात. तेथे मात्र कोण किती मोठ्या आवाजात बोलला आणि कोणाच्या पाठीशी किती माणसे उभी राहिली, याला जवळजवळ काहीच किंमत नसते. महापालिका, हद्दवाढ, पंचगंगेचे प्रदूषण, दूध संघाची निवडणूक अशा विषयांवर सातत्याने लिहिणाऱ्या एखाद्या ब्लॉगरवर मराठी विकिपीडियात लेख तयार झाला आणि कोणी त्यावर ‘पानकाढा’ साचा, म्हणजे लेख वगळावा अशी सूचना देणारी पाटी, लावली, तर त्या चर्चेत उपयोगी पडेल असा सहभाग कसा घ्यावा, हे येथे सांगितले आहे.

सुरुवातीलाच दोन प्रश्न वेगळे करून घ्यावेत. लेख असावा की नसावा, हा उल्लेखनीयतेचा प्रश्न आहे. असलेला लेख कसा लिहिलेला असावा, हा तटस्थतेचा. ‘हा लेख निव्वळ स्तुतिपाठ आहे, म्हणून काढून टाका’ हा युक्तिवाद सहसा टिकत नाही, कारण स्तुती संपादनाने काढता येते. त्याचप्रमाणे ‘लेख किती संतुलित लिहिला आहे पाहा, म्हणून ठेवा’ हाही टिकत नाही, कारण जे संदर्भ मुळात अस्तित्वातच नाहीत ते चांगल्या भाषेने निर्माण होत नाहीत. अर्धेअधिक वाद या दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळेच लांबतात.

उल्लेखनीयता ठरवताना

ब्लॉगर किती धाडसी आहे, त्याचे वाचक किती आहेत, त्याच्या लिखाणाने कोणाची झोप उडाली, हे सारे बाजूला ठेवावे. पाहायचे ते इतकेच की, त्या व्यक्तीशी लागेबांधे नसलेल्या विश्वासार्ह प्रकाशनांनी तिच्याविषयी सविस्तर लिहिले आहे का. हा निकष कधीकधी अन्यायकारक ठरतो, हे मान्य करायला हवे. भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलँड यांच्यावरील लेखाचा मसुदा इंग्रजी विकिपीडियावर मे २०१८ मध्ये पुरेशा स्वतंत्र संदर्भांअभावी नाकारला गेला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. तरीही निकष बदलला नाही, कारण ज्ञानकोशाच्या संपादकांनी स्वतःच्या मतावर माणसांची थोरवी ठरवू लागणे हा त्याहून मोठा धोका आहे.

राजकीय ब्लॉगरच्या बाबतीत हा निकष कसा लागू होतो, हे जगातील उदाहरणांवरून स्पष्ट होते. जॉश मार्शल यांच्या ‘टॉकिंग पॉइंट्स मेमो’ या ब्लॉगला अमेरिकेतील सरकारी वकिलांच्या बडतर्फीच्या वार्तांकनासाठी पत्रकारितेचा जॉर्ज पोल्क पुरस्कार मिळाला, सौदी अरेबियातील रैफ बदावी यांना तुरुंगात असताना २०१५ मध्ये युरोपीय संसदेचा साखारोव पुरस्कार मिळाला. दोघांविषयीही अनेक देशांतील प्रकाशनांनी विस्ताराने लिहिले आहे. आपल्या जिल्ह्यातील ब्लॉगरकडून पुरस्काराची किंवा तुरुंगवासाची अपेक्षा नाही, पण स्वतंत्र आणि सविस्तर दखल ही अट मात्र सुटत नाही.

आता प्रत्यक्ष कात्रणे तपासण्याकडे वळू, कारण खरे काम येथेच आहे. समजा, लेखाखाली आठ संदर्भ दिले आहेत. ते एकेक करून उघडावेत आणि वाचावेत. नुसती संख्या पाहून मत देऊ नये. तीन दैनिकांच्या कोल्हापूर आवृत्त्यांत आलेली बातमी शब्दशः सारखी असेल, तर ते एक प्रसिद्धिपत्रक आहे आणि ते बहुधा ब्लॉगरच्याच गोटातून निघालेले आहे. त्याला तीन संदर्भ म्हणता येत नाही, स्वतंत्र संदर्भ तर नाहीच नाही. वाढदिवसाच्या पुरवणीतील पानभर मजकूर, फोटोभोवती शुभेच्छुकांच्या नावांची महिरप असलेला, ही जाहिरात असते. एखाद्या तरुण मंडळाने किंवा प्रतिष्ठानने दिलेल्या ‘आदर्श’ पुरस्काराची दोन ओळींची बातमी उल्लेखनीयतेला हातभार लावत नाही. ब्लॉगरची मुलाखत त्याच्याच शब्दांत छापलेली असेल, तर तिला मर्यादित वजन द्यावे, कारण तेथे माणूस स्वतःविषयीच बोलतो. ‘सामाजिक माध्यमांवरील अभ्यासक अमुक यांनीही टीका केली’ असा मोठ्या बातमीतील ओझरता उल्लेख असेल, तर त्याने त्या व्यक्तीचे अस्तित्व सिद्ध होते, दखल सिद्ध होत नाही.

एवढी चाळणी लावल्यावर आठांपैकी दोन किंवा एखादाच संदर्भ उरतो. तो कोणता असेल? बातमीदाराने स्वतः चार ठिकाणी विचारपूस करून लिहिलेला लेख, एखाद्या प्रबंधातील किंवा पुस्तकातील स्वतंत्र प्रकरण, राज्यपातळीवरील नियतकालिकाने त्या लिखाणाची केलेली चिकित्सा. असे काही शोधायचे तर गूगलवर थांबू नये. ‘शोधगंगा’ या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या संकेतस्थळावर पत्रकारिता आणि राज्यशास्त्राचे प्रबंध चाळावेत, शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जावे, १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरात जुन्या अंकांची चौकशी करावी. छापील अंकाचा संदर्भ दुवा नसला तरी पूर्णपणे ग्राह्य असतो; दैनिक, दिनांक, आवृत्ती, पान आणि शीर्षक तेवढे नीट द्यावे. ई-पेपरचे दुवे काही काळाने बंद पडतात, म्हणून ते सापडल्याबरोबर वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या ‘वेबॅक मशीन’वर जतन करून ठेवणे शहाणपणाचे.

एखाद्या व्यक्तीची दखल केवळ एकाच घटनेपुरती घेतली गेली असेल, तर स्वतंत्र लेखाऐवजी त्या घटनेवरील लेखात तिचा उल्लेख करणे योग्य ठरते. कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनाच्या काळात कोणाची एखादी नोंद खूप गाजली असेल, तर तिची जागा त्या आंदोलनावरील लेखात आहे. हा मधला मार्ग चर्चेत फार कमी वेळा सुचवला जातो, आणि ‘ठेवा’ व ‘काढा’ म्हणणारे दोन्ही गट थकलेले असताना तो बहुतेकदा मान्य होतो.

तटस्थता म्हणजे निम्मे-निम्मे नव्हे

दोन परिच्छेद कौतुकाचे लिहिले म्हणून दोन टीकेचे घालायचे, ही तटस्थतेची अगदी चुकीची समजूत आहे. विश्वासार्ह संदर्भांनी ज्या गोष्टीला जितकी जागा दिली तितकीच लेखाने द्यावी, हे तत्त्व आहे. दहा संदर्भांत ब्लॉगरच्या पाणीप्रश्नावरील लिखाणाची चर्चा असेल आणि एकाच बातमीत एखाद्या नगरसेवकाशी झालेल्या बाचाबाचीचा उल्लेख असेल, तर बाचाबाचीला लेखात स्वतंत्र मथळा मिळता कामा नये. ‘वाद’ नावाचा विभाग उघडला की पुढे येणारा प्रत्येक नाराज माणूस त्यात एकेक ओळ टाकत जातो, म्हणून टीकाही त्या त्या विषयाच्या ओघातच मांडावी.

शब्दांकडे बारकाईने पाहावे. ‘निर्भीड, परखड आणि झुंजार ब्लॉगर असलेल्या अमुक यांनी महापालिकेतील घोटाळा उघडकीस आणला’ या वाक्यात पहिली तीन विशेषणे तर काढायचीच, पण खरी अडचण ‘उघडकीस आणला’ या क्रियापदात आहे. घोटाळा झाला, हे त्यात गृहीत धरलेले आहे. ‘महापालिकेच्या एका निविदा प्रक्रियेत अनियमितता झाल्याचा आरोप त्यांनी ब्लॉगवर केला, प्रशासनाने तो फेटाळला’ असे लिहून दोन्ही विधानांना बातमीचा संदर्भ जोडावा. विरोधी बाजूच्या संपादकाने ‘त्यांनी बिनबुडाचे आरोप केले’ असे लिहिले, तर त्यालाही हाच नियम लागू करावा. ‘दावा केला’ हे शब्द एकाच्याच तोंडी आणि ‘स्पष्ट केले’ हे दुसऱ्याच्या तोंडी वारंवार येत असतील, तर लेख कोणाच्या बाजूने झुकला आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

‘पुरोगामी’, ‘हिंदुत्ववादी’, ‘डावे’, ‘अमुक पक्षाचे समर्थक’ ही लेबले लावताना ती कोण लावत आहे, ते लिहावे. ब्लॉगरने स्वतःला जे म्हणवून घेतले ते त्याच्या नावे, समीक्षकाने जे म्हटले ते समीक्षकाच्या नावे. जातीचा उल्लेख हा आपल्याकडचा जुना सोस आहे. हयात व्यक्तीची जात तिने स्वतः जाहीरपणे सांगितल्याशिवाय लिहू नये, असा संकेत इंग्रजी विकिपीडियाने पाळला आहे आणि मराठीतही तोच आग्रहाने धरावा, असे माझे मत आहे. टोपणनावाने लिहिणाऱ्याचे खरे नाव गावात सर्वांना ठाऊक असले, तरी ते विश्वासार्ह प्रकाशनांत सर्रास आलेले नसेल, तर लेखातही आणि चर्चा पानावरही लिहू नये.

ब्लॉग हाच ब्लॉगरवरील लेखाचा संदर्भ होऊ शकतो का, हा प्रश्न हमखास निघतो. लेखन कधी सुरू केले, शिक्षण काय, अशा स्वतःविषयीच्या साध्या आणि वादातीत माहितीसाठी तो चालतो. स्वतःची थोरवी सांगण्यासाठी किंवा तिसऱ्या व्यक्तीवरील आरोपासाठी अजिबात चालत नाही.

हयात व्यक्तीविषयीचे संदर्भहीन, बदनामीकारक विधान दिसले, तर चर्चेची वाट न पाहता ते काढावे. २००५ मध्ये अमेरिकी पत्रकार जॉन सायगनथेलर यांचा संबंध केनेडींच्या हत्येशी जोडणारा खोडसाळ मजकूर सुमारे चार महिने विकिपीडियावर तसाच राहिला होता; त्यानंतर या बाबतीतले धोरण कडक झाले. भारतात न्यायालयाचा मार्गही लोक धरतात. एएनआय या वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये आपल्यावरील लेखातील मजकुराबद्दल दिल्ली उच्च न्यायालयात दोन कोटी रुपयांचा दावा दाखल केला. चर्चा पानावर ‘कोर्टात खेचीन’ असे लिहिणाऱ्याशी हुज्जत घालू नये; प्रचालकांना, म्हणजे पाने वगळण्याचे आणि खाती रोखण्याचे अधिकार असलेल्या सदस्यांना, कळवावे आणि संदर्भ तपासत राहावे.

चर्चेतील वागणूक

कोल्हापुरात कोणाचा कोणाशी संबंध नाही, असे क्वचितच होते. ब्लॉगर आपल्या तालमीचा असेल, भावकीतला असेल, आपण त्याच्या विरोधी गटासाठी प्रचार केलेला असेल, तर मत देण्यापूर्वी एका वाक्यात ते सांगून टाकावे. पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने तसे जाहीर करणे तर २०१४ पासून विकिमीडियाच्या वापरअटींनुसार बंधनकारक आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सर्वांनी जाऊन ठेवा म्हणून लिहा’ असा निरोप फिरवू नये. निर्णय मतमोजणीने होत नसल्यामुळे एका रात्रीत उघडलेल्या नव्या खात्यांची वीस मते कामी येत नाहीत, उलट ती खाती तपासली जातात आणि प्रामाणिक समर्थकांवरही संशय येतो.

उपयोगी अभिप्राय साधारणपणे असा असतो: ‘वगळण्यास विरोध. संदर्भ ३ आणि ७ हे बातमीदारांनी स्वतंत्रपणे लिहिलेले, अर्ध्या पानाहून मोठे लेख आहेत आणि ते दोन वेगळ्या वर्षांतील आहेत. संदर्भ १, २ आणि ५ हे एकच प्रसिद्धिपत्रक असल्याने ते मी धरलेले नाहीत. पुरस्कारांचा विभाग काढावा.’ आपल्याच बाजूचे कच्चे संदर्भ स्वतःहून बाजूला काढणाऱ्याचे उरलेले म्हणणे लोक गांभीर्याने वाचतात. समोरच्याने प्रत्युत्तर दिले, तर दर वेळी उत्तर देण्याची गरज नसते. लेखातील तोच मजकूर पुन्हा पुन्हा उलटवत, म्हणजे दुसऱ्याचा बदल रद्द करत, बसू नये. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा उलटवणाऱ्याला रोखले जाऊ शकते.

प्रत्येक भाषेतील विकिपीडियाचा समुदाय आपले नियम आपण ठरवतो. इंग्रजीत वगळण्याची चर्चा साधारण सात दिवस चालते. मराठीत सक्रिय सदस्य मोजके असल्याने ती रेंगाळू शकते, आणि तसे झाले तर समुदायाच्या सामाईक चर्चेच्या पानावर, म्हणजे चावडीवर, एक सभ्य विनंती टाकावी. लेख वगळला गेलाच, तर प्रचालकाकडे मजकुराची प्रत मागून ती आपल्या धूळपाटीवर, म्हणजे सरावासाठीच्या स्वतःच्या पानावर, ठेवावी, उरलेले भक्कम संदर्भ तिच्याखाली नोंदवून ठेवावेत आणि त्या ब्लॉगरविषयी नवे, स्वतंत्र, सविस्तर असे काही प्रकाशित झाले की ते जोडून लेख पुन्हा तयार करण्याचा प्रस्ताव त्याच प्रचालकासमोर मांडावा.