मेडिकलमधून परस्पर औषध आणताय? या चुका टाळा

दवाखान्यात फी, तासभर रांग, वर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. मेडिकल मात्र कोपऱ्यावरच असतं आणि मागच्या वेळी तिथल्याच गोळीने आराम पडलेला असतो. लोक परस्पर औषध घेतात यात आश्चर्य नाही. फसगत होते ती आराम पडला म्हणजे औषध बरोबरच होतं, असं धरून चालल्याने.

नायट्यावर मिळेल ती ट्यूब

सगळ्यात जास्त घोळ इथे. पावसाळ्यात जांघेत गजकर्ण उठतं, मेडिकलवाला ट्यूब देतो, दोन दिवसांत खाज गायब! अशा बऱ्याच मिश्र मलमांत क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं. ते लाली दाबतं, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबतं. गजकर्ण ज्या बुरशीमुळे होतं, ती निवांत पसरत राहते. ट्यूब थांबवली की चट्टा आणखी मोठा होऊन येतो, की पुन्हा ट्यूब. पुढे कातडी पातळ होते, जांघेत रेघा उठतात आणि त्या सहसा पूर्ण जात नाहीत. चट्ट्याची गोल किनार पुसली गेल्यामुळे डॉक्टरांनाही रोग ओळखणं अवघड जातं. गोरं व्हायला हीच मलमं चेहऱ्याला फासणारेही आहेत, त्यांच्यापुढे तर हात टेकले! 2018 साली अनेक स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची झाली. काउंटरवर ती किती जण मागतात, ते आपण पाहतोच.

आधीच लावली असेल तर ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि किती दिवस लावली ते न लाजता सांगा. घरात आणखी कुणाला खाज असेल तर तेही सांगा.

सर्दीला अँटिबायोटिक

साधी सर्दी विषाणूंमुळे होते, तिथे या गोळ्या निरुपयोगी. पाकिटावर उभी लाल रेघ दिसली की चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

तापात 'कडक' गोळी

डेंग्यूच्या दिवसांत आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने नकोच. रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालतं, पण पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेनही असतं आणि पॅरासिटामॉलही. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, त्यामुळे वरून क्रोसिन घेतली की डोस नकळत वाढतो. प्रौढांसाठी दिवसाला 4 ग्रॅम ही वरची मर्यादा. रोज दारू पिणाऱ्यांनी तिथवरही जाऊ नये.

ताप दोन दिवसांत उतरला नाही तर रक्त तपासा. उतरला, पण पोट दुखतंय, सारख्या उलट्या होतायत किंवा हिरड्यांतून रक्त येतंय, तर थेट रुग्णालय गाठा. डेंग्यूत धोका बहुतेकदा ताप उतरतानाच वाढतो.