मुंबईतल्या गाडीसाठी स्वस्त सिंथेटिक ऑइल कसं निवडायचं

ऑइलच्या दुकानात जाण्याआधी गाडीचा ग्लोव्ह बॉक्स उघडा. पीयूसीच्या जुन्या कागदांखाली कुठेतरी ओनर्स मॅन्युअल दबलेलं असतं. त्यातल्या इंजिन ऑइलच्या पानावर तीन गोष्टी छापलेल्या असतात: ग्रेड, दर्जाचं अक्षर (बहुधा एपीआय, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं) आणि फिल्टरसकट किती लिटर लागतं तो आकडा. त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. काउंटरवर आपण नुसतं गाडीचं नाव सांगितलं की दुकानदार ज्यात त्याला जास्त सुटतं तो कॅन पुढे करतो. ‘०डब्ल्यू-२०, एपीआय एसपी, साडेतीन लिटर’ असं मागितलं की बोलणं थेट भावावर येतं.

ग्रेड वाचताना

‘५डब्ल्यू-३०’ यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा कडाक्याच्या थंडीत ऑइल किती पातळ राहतं ते सांगतो. इंजिन फिरवण्याची चाचणी ०डब्ल्यूसाठी उणे ३५ अंशांवर होते, ५डब्ल्यूसाठी उणे ३० आणि १०डब्ल्यूसाठी उणे २५ अंशांवर. आपल्या सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान ७.४ अंश, तेही १९६२ च्या जानेवारीतलं. त्यामुळे मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-३० दोन्ही चालतं असं लिहिलं असेल, तर मुंबईत ०डब्ल्यूसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. इथे सरळ बचत होते.

दुसऱ्या आकड्याशी मात्र खेळू नका. गरम इंजिनात, म्हणजे १०० अंशांना, ऑइल किती दाट राहतं ते तो सांगतो. दाटपणा सेंटिस्टोकमध्ये मोजतात: २० चं ऑइल ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक, ३० चं ९.३ ते १२.५, ४० चं १२.५ ते १६.३. ‘मुंबईत गरमी आहे, जाड ऑइल टाकू या’ हे वाक्य प्रत्येक नाक्यावरच्या गॅरेजात ऐकू येतं. पण गरम झालेल्या इंजिनाचं तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. कूलंट साधारण ९० अंशांच्या आसपास राहतो, मग गाडी धारावीत असो की महाबळेश्वरला. ०डब्ल्यू-२० साठी बनवलेल्या इंजिनात बेअरिंगमधली फट आणि व्हॉल्व्ह टायमिंगच्या यंत्रणेच्या वाटा पातळ ऑइलच्या हिशेबाने ठेवलेल्या असतात. त्यात २०डब्ल्यू-५० ओतलं तर ऑइल वर पोहोचायला वेळ लागतो आणि मायलेज पडतं. लाखभर किलोमीटर चाललेलं, ऑइल पिणारं इंजिन असेल तर मॅन्युअलच्या तक्त्यात परवानगी असलेली पुढची पायरी घ्यावी, उदाहरणार्थ ५डब्ल्यू-३० ऐवजी ५डब्ल्यू-४०. त्यापलीकडे जाऊ नये.

‘सिंथेटिक’ या शब्दाचं वजन

कॅनवरच्या ‘फुल्ली सिंथेटिक’ या शब्दांवर लोक हजार रुपये जास्त देतात, म्हणून त्यामागचं समजून घ्यावं. बेस ऑइलचे, म्हणजे ज्या मूळ तेलात रसायनं मिसळून इंजिन ऑइल बनतं त्याचे, एपीआयने पाच गट केले आहेत. पहिले तीन खनिज तेलापासून शुद्ध केलेले. चौथा पीएओ, म्हणजे रसायनांपासून घडवलेला. पाचव्यात एस्टर आणि उरलेले सगळे. तिसऱ्या गटातलं तेल हायड्रोजनच्या दाबाखाली इतकं शुद्ध केलेलं असतं की त्याचा व्हिस्कॉसिटी इंडेक्स (तापमान बदललं तरी दाटपणा किती टिकतो त्याचं माप) १२० किंवा त्याहून वर जातो. यालाही सिंथेटिक म्हणायचं का, यावर अमेरिकेत दोन बड्या कंपन्यांत वाद झाला आणि १९९९ मध्ये तिथल्या जाहिरातींच्या तंटा-मंडळाने ‘म्हणू शकता’ असा कौल दिला. आज परवडणाऱ्या भावात मिळणारं बहुतेक सिंथेटिक ऑइल याच तिसऱ्या गटातलं असतं. रोज ठाणे ते बीकेसी करणाऱ्या गाडीला ते पुरून उरतं. पीएओ आणि एस्टरचं महागडं ऑइल शर्यतीच्या किंवा बर्फातल्या इंजिनाला शोभतं.

‘सेमी सिंथेटिक’ या शब्दाला ठरलेलं प्रमाण नाही. त्यात सिंथेटिक किती, हे कॅनवर लिहिलेलं नसतं. सेमी आणि फुल्ली यांच्यात लिटरमागे ऐंशी-शंभर रुपयांचाच फरक असेल, तर फुल्ली घ्या.

दर्जाची अक्षरं

पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी एपीआयची अक्षरं बघायची. एसएन २०१० चा दर्जा, एसपी २०२० चा आणि एसक्यू २०२५ चा. पुढचं अक्षर मागच्याच्या जागी चालतं, उलट नाही. टर्बो पेट्रोल गाडी असेल तर एसपीच्या खाली उतरू नका. छोट्या टर्बो इंजिनात कमी वेगावर जोर दिला की सिलिंडरात वेळेआधी स्फोट होऊन पिस्टन फुटण्याचा धोका असतो. तो धोका आणि टायमिंग चेनची झीज, दोन्हींच्या चाचण्या एसपीत आहेत. साध्या, बिनटर्बोच्या जुन्या गाडीला मॅन्युअल एसएन मागत असेल आणि दुकानात एसएनचा ताजा कॅन स्वस्त पडत असेल, तर खुशाल घ्या.

बीएस-६ डिझेलचा मामला वेगळा. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ऑइलमधली राख त्यात साचते आणि ती जाळून जात नाही. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं, एसीईए (युरोपातल्या गाडी उत्पादकांची संघटना) सी२ किंवा सी३ लिहिलेलं ऑइल लागतं. सी३ मध्ये राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे. इथे दोनशे-तीनशे रुपये वाचवायला साधं डिझेल ऑइल टाकलं, तर पुढे डीपीएफचं बिल पाच आकड्यांत जाऊ शकतं. फोक्सवॅगन, स्कोडा, मर्सिडीज यांचे स्वतःचे कोड असतात, जसे ५०४ ००/५०७ ०० किंवा २२९.५१. इकोस्पोर्टच्या १.० इकोबूस्टसारख्या काही इंजिनांत टायमिंग बेल्टच ऑइलमध्ये बुडून फिरतो. तिथे चुकीचं ऑइल बेल्टचं रबर खातं, म्हणून कोड अक्षरशः जुळला पाहिजे.

कॅनच्या मागची बारीक अक्षरं वाचताना एक शब्द हेरा. ‘अप्रूव्हल’ लिहिलं असेल तर गाडीच्या कंपनीने ते ऑइल तपासून मान्य केलेलं असतं. ‘मीट्स’ किंवा ‘सुटेबल फॉर’ हा ऑइल कंपनीचा स्वतःचा दावा. साध्या पेट्रोल गाडीला दावा चालून जातो, वर सांगितलेल्या युरोपी गाड्यांना नाही.

बाइकचं उरलेलं ऑइल कारमध्ये ढकलू नका. जासो एमए (जपानी दर्जा) लिहिलेलं ऑइल बाइकच्या ओल्या क्लचसाठी असतं.

पैसे कुठे वाचतात

पहिली जागा, गाडीच्या कंपनीचा स्वतःचा कॅन. मारुती, टोयोटा, ह्युंदाई, टाटा यांची जेन्युइन ऑइलं त्यांच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर सुटी मिळतात. ती तेल कंपन्यांकडूनच बनवून घेतलेली असतात. ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० सारख्या पातळ ग्रेडमध्ये हाच सौदा बऱ्याचदा सगळ्यात स्वस्त निघतो. दुसरी जागा सरकारी कंपन्यांची: इंडियन ऑइलचं सर्वो, भारत पेट्रोलियमचं मॅक, हिंदुस्तान पेट्रोलियमचं एचपी. यांतल्या शेवटच्या दोघींच्या रिफायनऱ्या इथेच माहुलला आहेत. एकच दर्जा आणि एकच ग्रेड असेल, तर जाहिरातीत क्रिकेटपटू असलेल्या कॅनला जास्त पैसे देण्याचं कारण सापडत नाही.

भाव नेहमी लिटरवर आणून बघा. समजा साडेतीन लिटरचा कॅन १७५० रुपयांना आहे, म्हणजे लिटरला ५००. तेच ऑइल एक लिटरच्या बाटलीत ५६० ला आहे. इंजिनाला ३.१ लिटर लागत असेल तर चार बाटल्यांचे २२४० होतात आणि ९०० मिली उरतं. कॅन घेतला तर ४०० मिली उरतं, तेवढं वर्षभराच्या टॉप-अपला पुरतं. झाकण घट्ट लावून बाटली घरात ठेवा. पावसाळ्यात डिकीतल्या अर्धवट बाटलीत ओल शिरते.

सर्व्हिस सेंटरात बॅरलमधून ऑइल भरत असतील तर बिलावर किती लिटर लावलेत ते बघा. इंजिनात ३.१ मावतं आणि बिलात ३.५ असेल, तर विचारा. गाडी वॉरंटीत असेपर्यंत ऑइल तिथेच बदललेलं बरं. बाहेरून बदललं तर ग्रेड आणि दर्जा लिहिलेलं बिल जपून ठेवा.

आता खरा हिशेब. ‘सिंथेटिक आहे, पंधरा हजार चालेल’ हे मुंबईत फसतं. हायवेवर सरासरी ६० च्या वेगाने १०,००० किलोमीटर म्हणजे इंजिन १६७ तास चाललं. एलबीएस मार्गावर आणि सायन सर्कलला रखडत सरासरी २० पडली, तर तेच १०,००० किलोमीटर म्हणजे ५०० तास. ओडोमीटरला हा फरक दिसत नाही, ऑइलला तो भोगावा लागतो. मॅन्युअलमध्ये ‘सिव्हिअर’, म्हणजे खडतर वापराचं वेगळं वेळापत्रक असतं, मुंबईची रोजची गाडी त्यातच बसते. तिथला आकडा पाळा. तो दिलेलाच नसेल तर फुल्ली सिंथेटिक ७,५०० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा बदला. महागडं ऑइल ताणून वापरण्यापेक्षा योग्य दर्जाचं स्वस्त ऑइल वेळेवर बदललेलं इंजिनाला जास्त मानवतं.

सीएनजीवाल्यांनी रंगावर जाऊ नये. सीएनजीत काजळी कमी, त्यामुळे ऑइल दिसायला स्वच्छ राहतं, पण जास्त उष्णतेने त्याचं ऑक्सिडेशन चालूच असतं. डिझेलचं ऑइल उलट पहिल्या दोनशे किलोमीटरमध्येच काळं होतं, त्यात काही बिघडलेलं नसतं. डिझेलला वेगळीच खोड आहे. डीपीएफची सफाई (साचलेली काजळी गाडी चालताना आपोआप जाळणं) चालू असताना दोन किलोमीटरवर गाडी बंद केली, असं वारंवार झालं, की न जळलेलं डिझेल चेंबरात, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं आणि डिपस्टिकवरची पातळी वाढत जाते. पातळी खुणेच्या वर आणि डिझेलचा वास, ही दोन्ही दिसली तर किलोमीटर न बघता ऑइल बदला.

डुप्लिकेट

नकली ऑइल बहुतेक वेळा खऱ्याच कॅनमध्ये येतं, रिकामे कॅन गोळा करून भरलेलं. म्हणून कॅनपेक्षा झाकण तपासा. झाकणाची कडी आधीच तुटलेली, आतलं फॉइल वाकडं चिकटवलेलं, झाकणावरचा आणि कॅनवरचा बॅच नंबर वेगळा, क्यूआर स्कॅन केल्यावर ‘आधीच तपासलेला’ असा संदेश, यांतलं एक जरी दिसलं तरी परत करा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर स्पेअर पार्टची रांगच्या रांग आहे आणि भावही होतो, पण पक्कं जीएसटी बिल देणाऱ्याकडूनच घ्या. बिल नको म्हटलं की दोनशे कमी करणाऱ्या दुकानात ऑइल घेऊ नये. खात्रीचा सोपा पर्याय म्हणजे त्या-त्या कंपनीचा पेट्रोल पंप.

बदलताना

सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम करू देत नाहीत, तेव्हा ऑइल आणि फिल्टर आपला घेऊन ओळखीच्या गॅरेजात जा आणि समोर उभे राहा. इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून कोमट करा, गाडी सपाटीवर किंवा रॅम्पवर घ्या, वरचं झाकण उघडा आणि मग चेंबरचा ड्रेन बोल्ट काढा. बोल्ट बहुधा १४ किंवा १७ च्या पान्याचा असतो. दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या. बोल्टाचा वॉशर दर वेळी नवा घाला, वीस-तीस रुपयांची ती चकती वाचवायला गेलं की थेंब गळत राहतो. बोल्ट आवळायला छोट्या गाड्यांत ३० ते ४० न्यूटन मीटर पुरतात. पाइप लावून आवळला की ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात.

जुना फिल्टर निघाल्यावर त्याची रबरी रिंग सोबत आली का ते बघाच. ती इंजिनाला चिकटून राहिली आणि वर नवा फिल्टर बसवला, तर गाडी चालू होताच दाबाने सगळं ऑइल बाहेर फेकलं जातं. नव्या रिंगला बोटाने ऑइल लावा, फिल्टर टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि पुढे पाऊण वळसा. पान्याची गरज नाही.

ठरलेल्या मापापेक्षा पाव लिटर कमी ओता, इंजिन एक मिनिट चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा आणि डिपस्टिक बघत उरलेलं थोडं-थोडं घाला. वरच्या खुणेच्या पुढे गेलं तर फिरणारा क्रँकशाफ्ट ऑइल घुसळून फेस करतो, आणि फेस बेअरिंगला पोसत नाही. ‘थोडं जास्त असू दे’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला तिथेच थांबवा. इंजिन फ्लश आणि बाटलीतली ॲडिटिव्ह यांनाही नाही म्हणा, चांगल्या ऑइलमध्ये ती रसायनं मापात आधीच असतात.

पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली पातळ पिवळट साय दिसली आणि कूलंट कमी होत नसेल, तर ती छोट्या फेऱ्यांत साचलेली वाफ आहे. अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवली की जाते. पण हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणी गाडी पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारू नका. डिपस्टिक ओढून बघा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर गाडी टो करून न्या आणि आधी ऑइल-फिल्टर बदला. अशा वेळी सगळ्यात स्वस्त योग्य ग्रेडचं ऑइल भरायचं, कारण थोडं चालवून ते पुन्हा काढून टाकायचं असतं.

जुनं ऑइल धोकादायक कचऱ्यात मोडतं, गटारात किंवा नाल्यात ओतू नका. रिकाम्या कॅनमध्ये भरून गॅरेजच्या पिंपात टाका, तिथून ते पुनर्प्रक्रियेला जातं. मग कॅनच्या बुडाला स्क्रूड्रायव्हरने दोन भोकं पाडा आणि लेबल फाडा, म्हणजे तोच कॅन पुन्हा भरून कुणाच्या तरी काउंटरवर येणार नाही.