आधी पुराची रेघ, मग तंबू

नदीच्या खोल दरीत मुक्कामाला पोचलात की सॅक खाली ठेवा आणि तंबूला हात लावण्याआधी दोन्ही बाजूंचे कडे निरखून पाहा. हे मी एका रात्रीत शिकलो. पाण्यालगत मऊ वाळू होती, आभाळ निरभ्र होतं, म्हणून तिथेच तंबू ठोकला. पहाटे तीनच्या सुमारास खळखळ थांबली आणि दगड घरंगळल्यासारखा जड आवाज येऊ लागला. हात बाहेर काढला तर वाळू ओली. तंबू तसाच ओढत कातळावर चढलो. आमच्या डोक्यावर एक थेंबही पडला नव्हता. पाऊस पडला होता दूर, उगमाकडे.

अमेरिकेतल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ रोजी असंच झालं. वादळ कित्येक किलोमीटर वर कोसळलं आणि चिंचोळ्या घळीत आलेल्या लोंढ्यात ११ पर्यटक गेले. म्हणून हवामानाचा अंदाज फक्त मुक्कामाच्या जागेचा पाहून भागत नाही, वरच्या सगळ्या पाणलोटाचा पाहावा लागतो. तिथे वादळी पावसाची शक्यता असेल तर मी बेत सरळ पुढे ढकलतो.

पुराची रेघ ओळखणं अवघड नाही. झुडपांच्या फांद्यांत अडकलेलं गवत आणि काटक्या, कपारीत रुतलेले ओंडके, पानांवर वाळलेला गाळ पाहा. पुष्कळ ठिकाणी कातळाचा रंगच बदलतो: खाली धुतलेला, फिकट, वर काळपट किंवा दगडफुलाने भरलेला. सगळ्यांत उंच खूण शोधा आणि तिच्याही वर झोपा. तिथून आणखी वर जायची वाट उजेड असतानाच एकदा चढून पाहा, कारण गरज पडेल तेव्हा अंधार असेल. बाजूचा ओहोळ जिथे नदीला मिळतो ते तोंड टाळा. कड्याच्या पायथ्याशी ताज्या फुटीचे, धारदार दगड पडलेले दिसले तर तिथेही नको.

वर धरण असेल तर पाणी कधी सोडतात ते आधी विचारून घ्या. ग्लेन कॅन्यन धरणाखाली कोलोरॅडो नदी पाऊस नसतानाही रोज चढते-उतरते. मी संध्याकाळी पाण्याच्या अगदी काठावर एक काठी रोवून ठेवतो. पाणी तिच्या पुढे सरकलं, गढूळ झालं किंवा त्यातून काटक्या वाहू लागल्या, की सामान सोडून वर चढायचं. प्रवाहाच्या दिशेने पळायचं नाही. १९७६ साली अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या बिग थॉम्पसन दरीच्या पुरात १४०हून अधिक माणसं गेली. आता त्या राज्यातल्या दऱ्यांत ‘पूर आला तर वर चढा’ अशा पाट्या लावलेल्या असतात.

नदी ओलांडताना सॅकचा कमरपट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडलात तरी सॅक झटकन टाकता येते. तोंड प्रवाहाकडे, हातात काठी, एका वेळी एकच पाय. वेगाच्या धारेत १५ सेंटिमीटर पाणीही मोठ्या माणसाला पाडू शकतं. उथळ, रुंद जागा शोधायला अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

गढूळ पाणी भांड्यात रात्रभर निवळू द्या, थोडी तुरटी फिरवली तर गाळ लवकर बसतो. मग वरचं पाणी गाळून, खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळा. २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. वाळूत खुंट्या टिकत नाहीत, दोऱ्या मोठ्या दगडांना बांधा. शौचाची सोय मात्र घरूनच करून निघा. अरुंद दरीत पाण्यापासून ६० मीटर दूर जायला जागाच नसते, म्हणून घट्ट झाकणाचा डबा न्यायचा आणि सगळं परत आणायचं. ग्रँड कॅन्यनमधून नावेने जाणाऱ्यांना हा नियमच आहे. मला तो सगळीकडे हवासा वाटतो.

आता पाहण्याबद्दल. तळाशी थेट ऊन थोडाच वेळ येतं, पण खरी शोभा त्याच्या आधी आणि नंतर. समोरच्या कड्यावर ऊन पडतं तेव्हा त्याचा परावर्तित उजेड सावलीतल्या कातळावर उतरतो आणि दगड आतून तापल्यासारखा दिसतो. तेव्हा चालू नका, बसा. खाली उतरताना थर वाचत या: थर उलटेपालटे झालेले नसतील तर जितकं खाली तितकं जुनं. ग्रँड कॅन्यनच्या काठावरचा चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा, तळाचा काळा खडक १७० कोटींहून जुना. पात्रात गोल रांजणखळगे दिसले तर आत डोकावा. भोवऱ्यात फिरून ज्यांनी ते कोरले, ते गोटे कधीकधी तिथेच सापडतात.

परतीच्या चढाला उतरायच्या दुप्पट वेळ धरा आणि उजाडायच्या आत निघा. तळ काठापेक्षा बराच तापतो.

रात्री दोन कड्यांमधून आभाळाची एक पट्टीच दिसते. एखादा तारा एका कड्यावर उगवून दुसऱ्या कड्यामागे जाईपर्यंत मी पाहत पडतो. मग उठून काठी पाहून येतो.