ब्रश कटरचं इंजिन धरलंय? किट टाकण्याआधी जुना पिस्टन बघा

सांगोल्याकडची डाळिंबाची बाग. तण कापता कापता ब्रश कटरचा आवाज चढतो आणि मशीन एकदम गप्प होतं. दोरी ओढली की हाताला झटका बसतो. दुकानात उत्तर ठरलेलं: किट टाका. मीही पहिल्यांदा तेच केलं. नवा पिस्टन, नवी रिंग. आठव्या दिवशी इंजिन परत धरलं. आधीचा पिस्टन मी न बघताच भंगारात टाकला होता.

दोरी अजून फिरत असेल तर आधी प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. ओला असेल तर येतंय, पण जळत नाही. प्लग वायरला लावून ब्लॉकला (सिलिंडरला) टेकवा आणि दोरी ओढा, ठिणगी निळी पडायला हवी. पेट्रोलचा डबा तेव्हा लांब ठेवा. प्लग परत घट्ट बसवा, इंजिन पाइपपासून सोडवा आणि दोरीच्या मुठीला धरून लटकवा. अडखळत, टप्प्याटप्प्याने खाली गेलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, आहे. सुर्रकन घसरलं तर गेलं. दाब मोजायचा गेज मिळाला तर उत्तम: १२० पीएसआयच्या वर असेल तर काळजी नाही, ९० च्या खाली असेल तर इंजिन खोलावंच लागेल.

खोलण्याआधी सायलेन्सर काढा आणि बॅटरीच्या उजेडात त्या भोकातून पिस्टन बघा. इथे घाई नको.

ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर इंजिन तापलंय. ब्लॉकच्या पात्यांत गवत-माती भरलेली असते, किंवा कुठून तरी जास्तीची हवा आत जात असते. चारही बाजूंनी ओरखडे असतील तर कोणीतरी ऑइल न मिसळता नुसतं पेट्रोल ओतलंय, मग घरात कोणी कबूल करो वा न करो. कार्ब्युरेटरच्या बाजूला बारीक रेघा आणि निस्तेज राखाडी रंग दिसला तर एअर फिल्टरमधून धूळ गेली.

ब्लॉक उतरवल्यावर आतून नख फिरवा. नुसतं ॲल्युमिनियम चिकटलं असेल तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हळू निघतं. आतला क्रोमचा थर उडून नख अडकत असेल तर ब्लॉक बदला. क्रोमचा ब्लॉक लेथवर बोअर करून चालत नाही. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून बघा, जराही खेळ नको. बाजूला थोडा हलला तर चालतो.

नवी रिंग ब्लॉकमध्ये पिस्टनने सरळ ढकला आणि तोंडातली फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर हवी. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे, रिंगची तोंडं खाचेतल्या खिळीवर. गजन पिनचं (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचं) लॉक नवंच घ्या, त्याचं तोंड वर किंवा खाली ठेवा. लॉक बसवताना खाली क्रँककेसच्या तोंडावर फडकं टाका. ते उडून आत गेलं की अर्धा दिवस गेलाच समजा.

माझं इंजिन ज्यानं खाल्लं ते ऑइल सील, म्हणजे क्रँकच्या दांड्याभोवतीची रबरी कडी. जास्तीची हवा तिथूनच आत जात होती. फ्लायव्हीलच्या मागे असल्यामुळे दिसत नाही. बांधून झाल्यावर सायलेन्सर आणि कार्ब्युरेटरची भोकं सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यांनी दाबून बंद करा, पिस्टन खाली न्या, प्लगच्या भोकातून साधारण ७ पीएसआय हवा भरा. गेजचा काटा खाली यायला लागला तर सांध्यांना आणि सीलला साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तिथेच दुखणं.

कॉइल आणि फ्लायव्हीलमध्ये व्हिजिटिंग कार्डाएवढी फट ठेवा. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल पुस्तिकेप्रमाणेच मिसळा: १:२५ असेल तर लिटरला ४० मिली, १:५० असेल तर २०. इथेनॉलचं पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने ठेवू नका, ते पाणी ओढतं आणि कार्ब्युरेटरचा पडदा खराब होतो.

पहिली टाकी फुल रेस न देता, मधे मधे थांबत संपवा. सोलापूरच्या मे महिन्यात तर हे काम सकाळीच उरका. मग प्लग काढून बघा. चहासारखा तपकिरी असेल तर कामाला लागा. पांढरा पडला असेल तर मशीन बंद करा आणि साबणाचा फेस पुन्हा घ्या.