कुरडया राखायच्या कशा

कुरडया करायच्या कशा, ते आमच्या हिला विचारा. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं (तरी घरभर आंबूस वास येतोच), मग वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा आणि पहाटे शिजवायचा. माझ्याकडे गच्चीवरची राखण. सातपूरची नोकरी संपल्यापासून हे नववं वर्ष, म्हणजे या एका बाबतीत तरी माझं ऐका.

सकाळी साडेसहालाच वर जा. तेव्हा वारा पडलेला असतो आणि पाथर्डी फाट्याकडे पांडवलेण्यांचा डोंगर स्वच्छ दिसतो. अकरानंतर तोच डोंगर उन्हानं धुरकट होतो. प्लॅस्टिकचा कागद आदल्या रात्री अंथरू नका, धूळ बसते. चारी कोपऱ्यांवर विटा ठेवा, चपला नकोत. एका वर्षी मी चपला ठेवल्या. वावटळ आली, कागद दुमडला आणि चाळीस कुरडयांची एक कुरडई झाली. त्यावर घरात अजून बोललं जातं.

चीक गरम असतानाच सोऱ्यातून पडला पाहिजे, गार झाला की दबत नाही. त्यामुळे सोऱ्या शेवटी राखणदाराच्याच हातात येतो. बोटं भाजतात. त्या बदल्यात पातेल्याच्या तळाचा चीक, वर कच्चं शेंगदाणा तेल, वाटीभर हक्कानं मागून घ्या.

कबुतरांसाठी लोक जुन्या सीड्या दोरीला टांगतात. दोन दिवस चालतं, तिसऱ्या दिवशी कबुतरं त्याच दोरीवर बसतात. उठून हाकलणं हाच उपाय.

बसायचं कुठे, हा खरा प्रश्न. मी टाकीच्या सावलीत खुर्ची टाकतो आणि सावलीमागे सरकत राहतो. पण मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात फसाल. वीस मेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमारास, नाशकात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. टाकीची सावली टाकीलाच पुरत नाही, तुम्हाला कुठून मिळणार? म्हणून छत्री न्या, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली. आपल्याकडची हवा कोरडी, फडकं वाळता वाळता पाणी गार होतं. मुंबईच्या मेहुण्याला हे पटत नाही, कारण त्याच्याकडे फडकंच वाळत नाही.

चारच्या सुमारास कुरडया उलटायच्या. चिकटली असेल तर ओढू नका, तुटते. तशीच राहू द्या, उद्या आपोआप सुटेल. ओली कुरडई खायची वेळही हीच. वरून कुरकुरीत, आतून चिवट, खारट आणि किंचित आंबट. तळलेल्या कुरडईला ती चव नाही. कडेची उचलू नका, लगेच दिसतं. मधल्या ओळीतली घ्या आणि उलटता उलटता शेजारच्या जरा सरकवा. ही मोजत नाही, पण ओळ बघते.

मे महिन्यात संध्याकाळी आभाळ काळवंडून मातीचा वास आला, तर एकेक वेचत बसू नका. चारी कोपरे धरून कागदासकट उचला. मागच्या वळवाला लाईट गेली, लिफ्ट बंद, चार मजले तसंच गाठोडं घेऊन उतरलो. पंखाही बंद, म्हणून कुरडया दिवाणावर पसरल्या. मी खाली चटईवर झोपलो.