‘सगळेच म्हणताहेत’ असे कानावर आले, तर काय तपासावे

माणसाचे मत वळवायचे तर त्याला मुद्दा पटवून द्यावाच लागतो, असे नाही. गावातल्या, भाऊबंदकीतल्या, बाजारातल्या बाकी सगळ्यांना तो आधीच पटला आहे आणि आपण एकटेच मागे राहिलो आहोत, एवढे त्याच्या मनात भरवले तरी काम होते. जाहिरात, निवडणुकीचा प्रचार, अफवा आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफिती यांची साधने निरनिराळी असली, तरी त्यांचे बरेचसे कसब बहुमताचा हा देखावा उभा करण्यात खर्ची पडते. म्हणून जळगाव, धुळे आणि नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांत रोज जे काही समोर येते, त्याबाबत ‘हे खरे की खोटे’ या प्रश्नाच्याही आधी ‘हे म्हणणारे कोण आणि किती’ हा प्रश्न विचारावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो विचारायचा कसा, ते पुढे लिहितो.

या देखाव्याची ताकद किती असते, हे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५१ पासून केलेल्या प्रयोगांत दिसून आले. दिलेल्या रेषेइतकीच लांब रेषा तीन रेषांतून ओळखायची, एवढा सोपा प्रश्न होता. पण खोलीतील बाकीच्यांना आधीच पढवून ठेवलेले असे आणि ते एकमुखाने चुकीचे उत्तर देत. बरोबर उत्तर डोळ्यांसमोर असूनही, ज्याची परीक्षा चालू होती तो माणूस सुमारे एक तृतीयांश वेळा इतरांच्या चुकीला होकार देत असे. मात्र बाकीच्यांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिले, तरी असे होकार झपाट्याने कमी होत. हा दुसरा निष्कर्ष आपल्या फार उपयोगाचा आहे.

मोबाइलवर आलेली चित्रफीत

१ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातील, भिक्षा मागून पोट भरणारे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून आलेले लोक होते. त्यांच्याविरुद्ध पुरावा कसलाच नव्हता. टोळी फिरते आहे, हे मात्र मोबाइलवरच्या संदेशांमुळे सगळ्यांना आधीच ‘माहीत’ होते. खान्देशातील माणसाने या विषयावर लिहिताना ही घटना ओलांडून पुढे जाऊ नये, असे मला वाटते, कारण बनावट लोकमताची किंमत आपल्या मातीत कोणी मोजली, हे त्यातून कळते.

त्याच काळात देशभर पोहोचलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरच्या मुलाला उचलून नेताना दिसत. ती मूळची कराचीतील, मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी तयार केलेली होती. मूळ चित्रफितीच्या शेवटी मुलाला परत आणून सोडतात आणि संदेश लिहिलेला फलक दाखवतात. तेवढाच शेवट कापून ती पुढे पाठवली गेली होती.

म्हणून चित्रफीत आली की प्रथम तिचा शेवट पाहावा. प्रसंग पुरा न होता ती तुटत असेल, तर कापलेल्या भागात काय असेल, याची शंका घ्यावी. मग ती ठिकठिकाणी थांबवून दुकानांच्या पाट्यांची लिपी, गाड्यांच्या नंबर प्लेट, लोकांचे कपडे आणि हवामान पाहावे. मे महिन्यात ‘कालची चोपड्याची घटना’ म्हणून आलेल्या दृश्यात लोक स्वेटर घालून उभे असतील, तर वेगळे सांगायला नको. मागचा आवाज अहिराणीत आहे, म्हणून घटना आपल्याकडचीच, असे धरून चालू नये. आवाज कुठल्याही चित्रावर चढवता येतो, आणि आपल्या बोलीतला आवाज आपल्याला विनाकारण खरा वाटतो. शेवटी चेहरे किंवा पाट्या स्पष्ट दिसतात, अशा जागी स्क्रीनशॉट काढून तो गुगल लेन्समध्ये, म्हणजे चित्रावरून शोध घेणाऱ्या साधनात, शोधावा आणि आलेल्या निकालांपैकी सर्वांत जुना कोणत्या तारखेचा आहे, ते पाहावे. एका चित्राने उलगडा झाला नाही, तर दुसरे दोन काढावेत.

व्हॉट्सॲपवर दोन बाण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण दिसली, तर तो संदेश पाच किंवा अधिक टप्पे पार करून आपल्याकडे आला आहे, एवढाच तिचा अर्थ. अनेकांनी तो पाठवला. अनेकांनी तो तपासला, असे त्यातून मुळीच सिद्ध होत नाही. २०१८ च्या हत्यांनंतर भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आली, आणि एप्रिल २०२० पासून दोन बाणांचा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जातो. मुलांविषयी खरोखरच भीती वाटली, तर ग्रुपवर न लिहिता ११२ (पोलीस) किंवा १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) या क्रमांकावर कळवावे.

वर्तमानपत्र, फलक आणि फेसबुक

२००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत उमेदवारांची स्तुती करणारा शब्दशः तोच मजकूर परस्परांच्या स्पर्धक वर्तमानपत्रांत वेगवेगळ्या नावांनी बातमी म्हणून छापून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी उघडकीस आणले. पुढे प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यीय उपसमितीने ‘पेड न्यूज’वर, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुरावर, सविस्तर अहवाल तयार केला. वाचकाला यातून घेण्यासारखी पद्धत सोपी आहे. गावच्या वाचनालयात दोन-तीन वर्तमानपत्रे एकाच टेबलावर असतात. एकाच सभेच्या बातम्या शेजारी ठेवून सारखी वाक्ये शोधावीत. ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’, ‘प्रचंड जनसमुदाय’ असे शब्द आहेत आणि आकडा नाही, विरोधकाचे एकही वाक्य नाही, लिहिणाऱ्याचे नाव नाही, असे असेल तर तो मजकूर जाहिरात समजून वाचावा. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असे लिहिले आहे का, हेही पाहावे.

चौकातील वाढदिवसाच्या फलकावर शुभेच्छुकांचे चाळीस-पन्नास चेहरे असतात. तो पाठिंब्याचा पुरावा नव्हे, छपाईचा खर्च कोणीतरी केल्याचा पुरावा आहे. निवडणुकीच्या पत्रकांचे तर अधिकच स्पष्ट आहे: लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ नुसार त्यावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव व पत्ता असलाच पाहिजे. निनावी पत्रक सकाळी दाराखाली सापडले, तर त्यातील मजकुरावर चर्चा करण्याआधी ही उणीव सर्वांना दाखवावी.

फेसबुकवरचे पेज तपासणे थोडे चिकाटीचे काम आहे, पण ते जरूर करावे. पेजच्या माहितीत पारदर्शकतेचा विभाग असतो. पेज कधी तयार झाले आणि त्याचे नाव कितीदा बदलले, हे तेथे दिसते. विनोदी चित्रफितींच्या नावाने हजारो लोक गोळा करून ऐन निवडणुकीत पेजला राजकीय नाव दिले असेल, तर ते हजारो लोक त्या पक्षाचे समर्थक ठरत नाहीत. फेसबुक चालवणाऱ्या कंपनीच्या ॲड लायब्ररीत, म्हणजे जाहिरातींच्या खुल्या नोंदवहीत, पेजचे नाव टाकले, की राजकीय जाहिरातींचा पैसा कोणाच्या नावाने भरला गेला, तेही कळते.

मतचाचण्यांबाबत थोडक्यात एवढेच की आकडा मोठा असला म्हणून तो खरा ठरत नाही. अमेरिकेत १९३६ साली, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी, ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना पत्रे पाठवली, वीस लाखांहून अधिक उत्तरे मिळवली आणि लँडन जिंकतील असे सांगितले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. चाचणीत कोणाला विचारले आणि उत्तर द्यायची तसदी कोणी घेतली, हे कळल्याशिवाय तिच्यावर मत बनवू नये. ग्रुपवर घेतलेल्या मतदानाला तर त्या ग्रुपबाहेर काहीच अर्थ नसतो.

खरी बातमी, गाळलेले वाक्य

सर्वांत अवघड प्रकार हा. यात खोटे काहीच नसते. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, ही बातमी पूर्णपणे खरी होती. पण नीट शिजवलेल्या मांस-अंड्यांपासून धोका नाही, हे वाक्य बातमीच्या वेगाने पोहोचले नाही, आणि साथीशी संबंध नसलेल्या दूरदूरच्या कुक्कुटपालकांनाही फटका बसला.

कापसाचे उदाहरण रोजच्या अनुभवातले आहे. हंगामात ‘अमुक ठिकाणी कापूस साडेसहा हजारांनी गेला, भाव आणखी पडणार, सगळे विकून मोकळे होत आहेत’ असा संदेश येतो. तो आला की बाजार समितीच्या किंवा राज्य कृषी पणन मंडळाच्या त्या दिवसाच्या नोंदी उघडाव्यात. त्यात आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. संदेशातला आकडा किमान दराच्या रकान्यातून उचललेला आहे का, हे लगेच कळते. नंतर ओलावा विचारावा. सीसीआय, म्हणजे हमीभावाने खरेदी करणारे भारतीय कापूस महामंडळ, ८ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव देते, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात करून घेते आणि त्याहून ओला कापूस घेत नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलमागे ८,११० रुपये आहे. ओल्या मालाला मिळालेला भाव आणि हमीभाव यांची तुलना ओलाव्याचा उल्लेख न करता केली, तर प्रत्येक आकडा खरा असूनही शेतकऱ्याची दिशाभूल होते. आणि संदेश पाठवणारा स्वतः खेडा खरेदी करणारा, म्हणजे गावात येऊन कापूस घेणारा व्यापारी असेल, तर शेतकरी घाईने विकतील याचा लाभ कोणाला, हे उघड आहे.

ग्रुपवर विचारायचे कसे

तपासणी केली आणि गप्प बसलो, तर बहुमताचा देखावा तसाच राहतो. ॲश यांच्या प्रयोगातला तो एक वेगळे उत्तर देणारा माणूस येथे हवा असतो. पण घरच्या ग्रुपवर संदेश टाकणारे बहुधा मोठे असतात आणि चारचौघांत चूक दाखवली, की ते हट्टाला पेटतात. त्यांना वेगळा फोन करावा: ‘नाना, ही चित्रफीत जुनी दिसते, मी तारीख शोधून काढली आहे, तुम्हाला पाठवतो.’ बरोबरीच्या माणसाला सरळ ‘तुले कोनी सांगं?’ असे विचारायला हरकत नाही. उत्तरात दुसऱ्या ग्रुपचे नाव आले, तर त्या ग्रुपवर कोणी टाकले, तेही विचारावे. दोन-तीन टप्प्यांत प्रत्यक्ष पाहणारा कोणीच सापडत नाही, हे त्यांचे त्यांनाच कळते.

ग्रुप ॲडमिनला कोणाचाही संदेश सर्वांसाठी काढून टाकता येतो, त्याचा उपयोग अफवेच्या वेळी बिनदिक्कत करावा. मात्र नुसता काढून टाकू नये, कारण तोपर्यंत तो पुढे गेलेला असतो. काय चुकीचे होते, ते दोन ओळींत, पुराव्याच्या दुव्यासह त्याच ग्रुपवर लिहावे आणि ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांनी हा खुलासाही त्याच ठिकाणी पाठवावा, अशी नावानिशी विनंती करावी. निवडणुकीच्या काळात पेड न्यूजची तक्रार जिल्हाधिकारी कार्यालयातील माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे, आणि आचारसंहितेच्या भंगाची तक्रार निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर छायाचित्रासह करता येते. छायाचित्र त्याच जागी उभे राहून ॲपमधूनच काढावे लागते, म्हणून ॲप आधीच फोनमध्ये घेऊन ठेवावे.